सरसाचा साचा

चांद्याला जटपुरा गेटच्या आत नानाजी कुंभारे यांचा मूर्तींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक कौलारू पडवी आणि मागचं मोकळं अंगण. नानाजी गणपती करायचे, शारदा करायचे, नवरात्रातली देवी करायचे. मूर्तीचं अंग मातीचं असे, पण चेहरे आणि हात प्लास्टरचे. एखादा चेहरा मनासारखा घडला की त्याचा साचा घ्यायचा आणि त्यातून लागतील तेवढे चेहरे काढायचे, ही रीत ते तरुणपणी नागपूरला एका बंगाली मूर्तिकाराकडे शिकून आले होते. घडवण्याचं काम नानाजींचं. साचे मात्र पोचू करायचा.

पोचू आलापल्लीच्या पलीकडचा गोंड. पहिल्यांदा तो कारखान्यात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर मधमाश्यांच्या मेणाची ढेप होती. मेण विकून झालं तरी तो गेला नाही. नानाजींनी नुकतंच प्लास्टर ओतलं होतं, ते घट्ट होताना त्यानं सहज हात लावून पाहिला आणि चटकन मागे घेतला. चुलीवाचून हा दगड तापला कसा, असं त्यानं विचारलं. नानाजींना त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, तापतो खरा. पुढच्या खेपेला पोचू मेण घेऊन आला तेव्हा चार दिवस राहिला, आणि त्यानंतरच्या खेपेला राहूनच गेला. मोहाच्या दिवसांत आणि धानाच्या कापणीला तेवढा तो गावी जाई. बायको नीलाबाई कधी त्याच्याबरोबर चांद्याला येऊन राही, कधी गावच्या शेतावर.

साध्या चेहऱ्याला प्लास्टरचाच साचा चालतो. पण देवीच्या चेहऱ्याला खोल पापण्या असतात, कानाच्या पाळ्या वळलेल्या असतात, मुकुटाची पानं आत गेलेली असतात. तिथं कडक साचा अडकतो आणि ओढून काढला तर मूळ वस्तूच मोडते. अशा कामाला सरस लागतो. कातडी आणि हाडं उकळून केलेला, वाळल्यावर काचेसारखा दिसणारा तो सरस पोचू रात्रभर पाण्यात भिजवायचा आणि सकाळी पाण्याच्या घमेल्यात दुसरं भांडं ठेवून विस्तवावर वितळवायचा. त्याच्या वासानं शेजारीपाजारी नाक धरायचे. मूळ चेहऱ्याभोवती प्लास्टरची खोळ बसवून मधल्या बोटभर जागेत हा सरस ओतला की तो थंड होऊन रबरासारखा होतो. मग तो वाकतो, ताणला जातो, पापणीखालून अलगद सुटून येतो, आणि सुटल्यावर पुन्हा आपल्या आकाराला जातो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पोचू हसत सुटला होता.

सगळी मेख सरसाच्या ऊनपणात होती. फार गार झाला तर तो खोलगटात शिरत नाही. फार गरम असला आणि मूळ चेहरा मेणाचा असला तर तो मेण वितळवतो. पोचू त्यात करंगळी बुडवायचा, डोळे मिटून क्षणभर थांबायचा आणि मग म्हणायचा, "आता टाका." इतक्या वर्षांत त्याचा अंदाज चुकला नव्हता.

एका वर्षी फाल्गुनात नानाजींची मुलगी कमळा विषमज्वरानं गेली. एकच लेक होती, लग्नाला आलेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. फोटोवाल्याकडे न्यायचं म्हणून दोनदा ठरलं होतं आणि दोनदा राहून गेलं होतं. पोचू तेव्हा गावी होता. निरोप मिळताच तो आला आणि अंगणात कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. कमळा लहान होती तेव्हा जंगलातून येताना तो तिच्यासाठी चारं, टेंभरं अशी रानफळं घेऊन यायचा, आणि ती त्याच्या खांद्यावर बसून गेटापर्यंत जायची.

उन्हाळ्यात नानाजींनी एक चेहरा घडवायला घेतला. माती सुकते, तडकते, आणि त्यांना घाई करायची नव्हती, म्हणून त्यांनी मेण घेतलं. तेही पोचूनंच आणलेलं होतं. त्यात थोडी राळ घालून ते रोज पहाटेच्या गारव्यात काम करायचे आणि ऊन चढलं की चेहरा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या मागे ठेवायचे. चेहरा कोणाचा आहे हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण पोचूनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. पापण्या जड होत्या, वरचा ओठ किंचित उचललेला होता, हसू येण्याआधी कमळाचा असायचा तसा. नानाजींची बायको रुखमाबाई पडवीत यायची ती फक्त जेवायला हाक मारण्यापुरती. त्या कोपऱ्याकडे ती पाहतही नसे.

नवरात्रातल्या देवीला हाच चेहरा द्यायचा, असं नानाजींनी मनाशी ठरवलं होतं. शहरभर जिथं जिथं देवी बसेल तिथं तिथं कमळा दिसेल. हे त्यांनी एकदा पोचूला बोलून दाखवलं. पोचू म्हणाला, साचा चांगला घेऊ.

त्याच सुमाराला दोघांत थोडी कुरबूर झाली होती. पोचूच्या भावाकडे गावी देवाचं काम होतं आणि त्याला जायचं होतं. नानाजी म्हणाले, साचा झाल्याशिवाय जायचं नाही. पोचू थांबला, पण दोन दिवस तो नेहमीसारखा बोलला नाही. त्याच दिवसांत रुखमाबाईनं एक गोष्ट पाहिली होती. पोचू पायरीवर बसून बिडी ओढत होता. बिडी जळत जळत बोटांपर्यंत आली, कातडीचा वास सुटला, तरी त्यानं ती टाकली नाही. तिनं ओरडून सांगितलं तेव्हा त्यानं बोटाकडे पाहिलं आणि बिडी फेकली. रात्री तिनं ते नानाजींना सांगितलं. नानाजी म्हणाले, चुना आणि प्लास्टर कालवून कालवून त्याची कातडी जाड झाली आहे, माझी नाही का झाली.

साचा घ्यायचा दिवस भादव्यातला होता. पाऊस उघडला होता, पण हवा दमट होती. मेणाच्या चेहऱ्याला तेलाचा हात देऊन झाला होता, खोळ बसवून तिच्या सांधी मातीनं बंद केल्या होत्या. पोचू सरस ढवळत बसला होता. नानाजी उभे होते, बसत होते, पुन्हा उठत होते. झालं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोचूनं भांडं विस्तवावरून उतरवलं, करंगळी बुडवली, डोळे मिटले.

"आता टाका," तो म्हणाला.

नानाजींनी खोळ धरली आणि पोचूनं वरच्या भोकातून सरस ओतला. भोक काठोकाठ भरलं आणि थोडा सरस ओघळून नानाजींच्या मनगटावर आला. ते कळवळून मागे झाले. मनगटावर तिथल्या तिथे लाल चट्टा उठला. एक क्षण त्यांना काही कळलं नाही. मग कळलं आणि त्यांनी खोळीवर झडप घातली. घट्ट बसलेली खोळ सोडवायला वेळ लागला. आतून सरस आणि मेण एकमेकांत मिसळून बाहेर आलं. चेहरा होता, पण नाक बसलं होतं, पापण्या नव्हत्या, आणि ओठांच्या जागी एक गुळगुळीत उंचवटा राहिला होता.

नानाजींनी विचारलं, "बोट घातलं होतंस ना तू?"

"हाव, भाऊ. थंड होता."

"माझं मनगट भाजलं. आणि तू म्हणतोस थंड होता?"

"थंड होता," पोचू पुन्हा म्हणाला. तो स्वतःच्या करंगळीकडे पाहत होता. त्याचा चेहरा गोंधळलेला होता, पण नानाजींना त्या वेळी तो निगरगट्ट वाटला. त्यांना वाटलं, गावी जाऊ दिलं नाही म्हणून यानं हे मुद्दाम केलं. नाहीतर सकाळी सकाळी मोहाची पिऊन आला असेल. दोन्ही शंका त्यांनी बोलून दाखवल्या. पोचूनं फक्त मान हलवली. मग नानाजी जे बोलले ते रुखमाबाईनं आतून ऐकलं, आणि ती धावत बाहेर आली तोवर बोलून झालं होतं.

"माझ्या पोरीला तू दुसऱ्यांदा मारलंस. तुझे हात झडून जातील, पोचू. आता मला तोंड दाखवू नको."

पोचूनं सरसाचं भांडं जमिनीवर ठेवलं. नीलाबाई तेव्हा गावीच होती. कोपऱ्यातून आपलं पांघरूण घेऊन तो निघून गेला.

त्या वर्षीच्या देव्यांना नानाजींनी जुन्या साच्यातले चेहरे बसवले. कोणाला काही फरक जाणवला नाही. लोकांनी आरत्या केल्या, मूर्ती नदीत सोडल्या. कार्तिकात एकदा रुखमाबाई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तुमच्या त्या मेणाच्या चेहऱ्याची हनुवटी तिची नव्हती. तिची माझ्यासारखी होती, बारीक. तुम्ही तुमच्या आईची केली होती." नानाजींनी विचारलं, तू पाहिला होतास? ती म्हणाली, पाहिला होता एकदा, तुम्ही झोपले होते तेव्हा. मग ती म्हणाली की पोचूला बोलावून घ्या. असा मुद्दाम करणारा माणूस नाही तो, त्याला काहीतरी झालं आहे. बिडीचंही तिनं पुन्हा सांगितलं.

नानाजींच्या मनातही ते कधीकधी येऊन जायचं. पण आलापल्लीला जायचं, माणसाला शोधायचं आणि मग त्याच्यासमोर काय म्हणायचं, या प्रश्नापाशी ते थांबायचे. पावसाळा होऊन जाऊ दे, हंगाम होऊन जाऊ दे, असं करत वर्षं गेली. त्यांनी मेणात तो चेहरा पुन्हा करून पाहिला. तीन-चार वेळा बसले. आता डोळे मिटले की कमळा दिसायची नाही, तो वितळलेला चेहराच दिसायचा. शेवटी त्यांनी मेण बाजूला ठेवलं. सरसाचं कामही बंद केलं. साधे कडक साचे घ्यायचे, खोल पापण्या टाळायच्या. मूर्ती पूर्वीसारख्या होत नव्हत्या हे त्यांना स्वतःलाच कळत होतं.

चांदा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस नानाजींना एक वेगळंच काम आलं. बसनं काही तासांच्या अंतरावर एका मिशनचा महारोग्यांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंना रोग्यांच्या पायांचे प्लास्टरचे ठसे हवे होते. ज्यांच्या पायांची बोटं गेली आहेत, ज्यांचे तळवे वाकडे झाले आहेत, त्यांच्या पायाबरहुकूम चपला करायच्या तर चांभाराला समोर तसाच पाय हवा. नानाजींनी आधी नको म्हणायचं ठरवलं होतं. महारोगाला ते भीत होते, सगळेच भीत. पण रुखमाबाई म्हणाली, जा, घरात बसून तरी काय करता.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या होत्या. पायाला हात लावल्यानं रोग होत नाही, हे त्यांनी आपल्या हातांनीच दाखवून दिलं. दुपारपर्यंत नानाजींनी पाच-सहा पाय केले. मग चहा आला. चहा घेऊन येणारा माणूस रोगीच होता, बरा झालेला. चुलीवरून उतरवलेली पितळी किटली त्यानं फडक्याशिवाय, दोन्ही हातांनी बुडाशी धरून आणली होती.

डॉक्टरीणबाई उठून त्याच्या अंगावर खेकसल्या. किटली खाली ठेवायला लावून त्यांनी त्याचे तळवे उलटे करून पाहिले, फडकं कुठे गेलं विचारलं. तो ओशाळून हसला, विसरलो म्हणाला.

"चटका बसला नाही त्याला?" नानाजींनी विचारलं.

"बसला. पण कळला नाही," बाई म्हणाल्या. "या रोगात आधी हात बधिर होतो. बऱ्याचदा करंगळीच्या बाजूनं सुरू होतं. वरून काहीच दिसत नाही. माणूस कामं करतो, जेवतो, कोणाला शंका येत नाही. मग कधीतरी हात भाजतो, जखम होते, आणि त्यालाच कळत नाही कधी झाली."

नानाजींच्या हातात कप तसाच राहिला. त्यांनी विचारलं की समजा असा माणूस सरस वितळवतो आहे, आणि तो किती ऊन आहे ते पाहायला त्यानं त्यात करंगळी बुडवली, तर तो थंड आहे असं म्हणेल का?

"म्हणेल. आणि तो खोटं बोलत नसेल."

नानाजींनी कप खाली ठेवला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कोणी ओळखीचा आहे का, असं विचारलं. नानाजींनी सगळं सांगितलं नाही, नाव आणि गाव सांगितलं. यावर औषध आहे का, एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, आता गोळ्या आहेत. रोग थांबतो. लवकर आला तर बोटंही वाचतात. त्याला उचलून घेऊन या.

नानाजी चांद्याला परतले आणि घरी एक रात्र काढून पुढे निघाले. रुखमाबाईनं भाकरी बांधून दिली. मी तेव्हाच सांगितलं होतं, असं ती बोट दाखवून म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, पण ती म्हणाली नाही. आष्टीला डोंग्यानं वैनगंगा ओलांडून, पलीकडे सागाची लाकडं न्यायला निघालेल्या ट्रकमध्ये बसून ते आलापल्लीला पोचले. तिथून पुढे पायवाट होती. जंगल खात्याच्या नाक्यावरचा एक माणूस गाव दाखवायला बरोबर निघाला, पण पोचूचं नाव काढल्यावर तो वाटेतूनच मागे फिरला.

मोह पडायचे दिवस होते. नीलाबाई झाडाखाली फुलं वेचत होती. तिनं नानाजींना लांबूनच ओळखलं असावं, पण ती वाकूनच राहिली आणि ते जवळ येईपर्यंत टोपलीत फुलं टाकत राहिली. पोचू कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

"तो गावात नाई राहत," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. गावकऱ्यांनी त्याला काढून दिलं नव्हतं. रोग दिसू लागल्यावर तो आपण होऊनच नाल्यापलीकडे जाऊन राहिला होता. ती दोन्ही वेळचं जेवण तिकडं नेऊन देत होती. सांगताना ती नानाजींकडे पाहत नव्हती. नानाजींनी विचारलं, हात कधीपासून बिघडले? ती सरळ उभी राहिली.

"तुमच्याकडून आला त्याच्या दुसऱ्या दिवसी करंगळीले येवढा फोड होता. म्या म्हनलं, जा, भाऊले दाखवून ये, म्हना माहं बोट भाजलं पन मले समजलं नाई. तो म्हने, भाऊनं तोंड दाखवू नको म्हनलं." ती थांबली. "तुमाले याले येवढे वर्सं काऊन लागले?"

नानाजी तिथंच झाडाखाली बसले. ती टोपली उचलून पुढे चालू लागली तेव्हा ते उठून तिच्या मागे गेले.

नाल्यापलीकडे एक झोपडी होती, समोर झाडून काढलेलं अंगण. पोचू सावलीत बसला होता. तो खंगला होता, कान जाडसर झाले होते, भुवया विरळ झाल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळून आखडलं होतं, आणि दोन्ही बोटांची टोकं झिजली होती. नानाजींना पाहून तो उठला आणि मागे सरकला.

"लांब बसा, भाऊ," तो म्हणाला. "मले रगतपिती झाली."

नानाजी लांब बसले नाहीत. त्यांनी त्याचा हात हातात घेतला तेव्हा पोचूनं तो ओढून घ्यायचा प्रयत्न केला. नीलाबाई कुडाला टेकून पाहत उभी होती. नानाजी म्हणाले, तुझ्या अंगात तेव्हाच हा आजार होता. सरस गरम होता आणि तुला तो थंडच लागला. त्यात तुझी काही चूक नव्हती. मी घाई केली, मी न विचारता बोललो. दवाखाना आहे, गोळ्या आहेत, मी तुला न्यायला आलो आहे. हे सगळं त्यांनी वाटेत कितीदा तरी मनात घोळवलं होतं, आणि आता ते एका दमात बोलून मोकळे झाले.

पोचूनं आखडलेली बोटं दुसऱ्या हातात धरली.

"आलापल्लीले दवाखाना आहे, भाऊ," तो म्हणाला. "नाक्यावरचा सिपाई म्हने, जाऊन दाखव. मी नाई गेलो. तुमी म्हनले होते, हात झडून जातील. मंग झडाले लागले. मले वाटलं, मी पोरीचं तोंड वितळवलो, त्याची सजा आहे. तिची सजा आहे तं दवा कायले करू?"

नानाजींना वाटलं होतं की आपण एका चुकीच्या आरोपाची भरपाई करायला आलो आहोत. आपल्या तोंडून रागात निघालेलं एक वाक्य हा माणूस इतकी वर्षं खरं मानून बसला होता, आणि त्यापायी त्यानं आपली बोटं जाऊ दिली होती, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. नीलाबाईनं तोंड फिरवलं. हे तिलाही आजच कळत होतं.

"आजार आधी होता, पोचू," नानाजी कसेबसे म्हणाले. "मी बोललो ते मागून. माझ्या बोलण्यानं काही झालं नाही."

"आधी होता?"

"आधी होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी हात बधिर होतो, मग बाकीचं होतं. तुझी बिडी बोटापर्यंत जळली होती, रुखमाबाईनं पाहिलं होतं."

पोचूनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "मंजे मी खोटा नोहतो."

"नव्हतास."

"मले वाटे, मी दारू नाई पेलो, मुद्दाम नाई केलो, मंग थंड कसा म्हनलो? कधी कधी वाटे, मनात खोट असंल, आपल्यालेच नसंल मालूम." त्यानं मान हलवली. त्याच्या तोंडावर थोडा हलकेपणा आला, आणि तो पाहणं नानाजींना हात पाहण्यापेक्षा अवघड गेलं. नंतर त्यानं विचारलं, कमळाबाईचा चेहरा पुन्हा केला का? नानाजी म्हणाले, बसलो होतो, जमलं नाही. पोचू म्हणाला, चांगला झाला होता, अगदी तशीच होती. हनुवटीचं नानाजींनी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. ट्रकवाल्यानं पोचूला घ्यायला नकार दिला, मग बैलगाडी केली. आष्टीच्या डोंगेवाल्यानंही का कू केली, तेव्हा नानाजींनी त्याच्याशी इतका मोठा वाद घातला की पोचूच म्हणाला, जाऊ द्या भाऊ, मी थांबतो, अंधार पडल्यावर जाऊ. शेवटी डोंगेवाला तयार झाला. चांद्याला रुखमाबाईनं दोघांना आपल्या घरात जेवू घातलं, नेहमीच्या पितळी ताटांत. जेवण होईपर्यंत शेजारच्या घरांची दारं बंद झाली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोचूला नीट तपासलं. गोळ्या सुरू झाल्या. वर्षभरात रोग थांबला, कानांची सूज उतरली, डाव्या हाताला तर काही झालंच नाही. उजव्या हाताची बोटं सुटली नाहीत. दोन वर्षं आधी आणला असता तर, असं बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या आणि नानाजींचा चेहरा पाहून थांबल्या. पण वाक्य पुरं व्हायची गरज नव्हती. त्यानंतर आयुष्यभर ते वाक्य नानाजींनी स्वतःच पुरं केलं, कधी न्हाताना, कधी माती मळताना, कधी नुसतं बसल्या बसल्या.

बरं झाल्यावर पोचूनं दवाखान्याच्या जमिनीवर भाजीचे वाफे घेतले आणि तिथंच राहिला. नीलाबाईही आली. नानाजी त्याला म्हणाले, कारखान्यात ये, काम नको करू, नुसता बसून सांग कसं करायचं ते. दर नवरात्राच्या आधी ते हे सांगायला जायचे. पोचू म्हणायचा, येतो भाऊ, वांगी निघू द्या, मंग येतो. तो कधी आला नाही. त्याच्या मनात राग नव्हता. नानाजींना वाटायचं, राग असता तर तो आला असता, चार शब्द बोलला असता, आणि कदाचित नंतर राहिलाही असता. एकदा त्यांनी त्याची माफी मागितली, हात जोडून, वाफ्याच्या बांधावर उभं राहून. पोचू संकोचून इकडेतिकडे बघू लागला आणि म्हणाला, असं नका करू, लोकं पाहतात.

नीलाबाई मात्र कधी त्यांच्याशी नीट बोलली नाही. नानाजी आले की ती चहा करून द्यायची, साखर जास्त घालायची कारण त्यांना तशी आवडते हे तिला चांद्यापासून माहीत होतं, कप पुढे ठेवायची आणि बाहेर निघून जायची. नानाजी चहा प्यायचे, पोचूबरोबर पावसाचं, भाजीच्या भावाचं बोलायचं ते बोलायचे, आणि शेवटची बस यायच्या आत फाट्यावर जाऊन उभे राहायचे.